भित्र्या कुत्रीला घर कोणी द्यावे?

रायपूरच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्यांच्या शहरातील प्राण्यांच्या एका आश्रयस्थानात दोन-अडीच वर्षांची पिंगट रंगाची एक कुत्री आहे. रस्त्यावरून आणलेली, नसबंदी झालेली, लस टोचलेली, प्रकृतीने धडधाकट. पण माणूस जवळ आला की ती कोपऱ्यात अंग चोरून बसते, तोंड भिंतीकडे करते आणि थरथर कापू लागते. तिच्या खोलीबाहेर तेथील चालकांनी पाटी लावली आहे : ‘अनुभवी कुटुंबासच द्यावयाची.’ भगिनींच्या घरी पती, सासूबाई आणि नऊ व पाच वर्षांची दोन मुले आहेत. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर असून घरात आजवर कुत्रे पाळलेले नाही. त्या विचारतात, “आमच्या मनात माया पुष्कळ आहे. तिच्यावाचून आणखी कोणता अनुभव लागतो?”

उत्तर आधी देते, कारणे मागाहून सांगते. ताई, ही कुत्री आपण घेऊ नये. हे लिहिताना मला वाईट वाटते. परंतु हीच चूक एकदा माझ्या हातून झाली आहे, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही जबलपूरला राहत होतो. अशाच एका आश्रयस्थानातून आम्ही एक भित्री कुत्री घरी आणली. मुलांनी तिचे नाव चिमणी ठेवले. ती आली त्या संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी तिला पाहावयास जमली. मुलांनी तिला मिठ्या मारल्या. मी स्वतः तिला कोमट पाण्याने न्हाऊ घातले. ती अगदी मुकाट उभी होती, आणि आम्ही समजलो की किती ही शहाणी, किती लवकर रुळली! भयाने गोठलेल्या जिवाला हलताही येत नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा मुलगा तिला फिरावयास खाली घेऊन गेला. रस्त्यात एका स्कूटरचा मोठा आवाज झाला. चिमणी मागे सरली, मान खाली घालून तिने एक हिसका दिला, आणि रिकामा पट्टा मुलाच्या हातात राहिला. पुढचे अकरा दिवस आम्ही तिला शोधत होतो. अखेर मालधक्क्याजवळच्या झुडपांत ती दिसली. पण आम्हांला पाहताच ती अधिकच दूर पळाली. आमच्या हाका, आमची धावपळ, हे सारे तिच्या लेखी पाठलागच होते.

आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सारेजण त्यांना मामा म्हणत. अशी बुजरी कुत्री त्यांनी पूर्वी सांभाळलेली होती. त्यांनी आम्हां सर्वांना घरी पाठविले. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी ते त्या झुडपांपाशी जात, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसत आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे मागच्या बाजूस टाकीत. बोलावणे नाही, वळून पाहणे नाही. पाचव्या संध्याकाळी ती त्यांच्या पाठीला नाक लावण्याइतकी जवळ आली. आठव्या दिवशी ती त्यांच्या घरी होती. मी आणावयास गेले तेव्हा मामा म्हणाले, “वहिनी, राग मानू नका, पण ही आता इथेच राहू द्या.” मला राग आला नाही. लाज मात्र वाटली.

आता कारणे. भय आणि अवज्ञा ह्या भिन्न गोष्टी आहेत. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. ह्या काळात ज्या प्राण्यांशी त्याचा सहवास घडतो त्यांना ते आपले मानते. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत काही पिल्ले उंच कुंपणाच्या आत, मनुष्याचा स्पर्श होऊ न देता, चौदा आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाच्या वृत्तांतावरून असे दिसते की, ती पिल्ले पुढे माणसापासून रानटी जनावरांप्रमाणे दूर पळत. त्यांना कोणी मारले नव्हते. वेळेवर माणूस भेटला नव्हता, एवढेच. शहराच्या कडेला, एखाद्या पुलाखाली किंवा पडक्या वखारीत जन्मलेल्या पुष्कळ पिल्लांची हीच कथा असते.

दुसरे कारण म्हणजे अकारण मिळालेला मार. महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच सरमेची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञमंडपात तिचे पिल्लू येते. त्याने हविष्याला तोंड लावलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते; तरी राजाचे भाऊ त्याला बडवितात. सरमा जाब विचारते, पण तिला उत्तर मिळत नाही. तेव्हा ती शाप देते की, तुमच्यावरही असेच अकल्पित भय येईल. निरपराध जिवाला कशाची शिक्षा झाली हे कळत नाही, म्हणून त्याला प्रत्येकच हाताची धास्ती वाटते. सरमेने राजाला शापात दिले ते हेच भय.

असे भय मायेने कुरवाळून जात नाही, कारण कुरवाळणे हाच त्या जिवाला धाक असतो. मग ‘अनुभव’ तो कोणता? थोडक्यात सांगते.

अनुभवी माणसाला कुत्र्याच्या देहाची भाषा वाचता येते. शेपूट पोटाखाली घेणे, कान मागे पाडणे, भूक नसता ओठ चाटणे, झोप आलेली नसता जांभया देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दाखविणे, ह्या साऱ्या ‘दूर राहा’ अशा विनवण्या आहेत. त्या कोणी ऐकल्या नाहीत तर कुत्रे गुरगुरते. गुरगुरल्याबद्दल त्याला दटावू नये. इशारा देण्याची सवय मोडली की ते पुढच्या खेपेस इशारा न देताच चावते.

अनुभवी माणूस घाई करीत नाही. पहिले काही आठवडे तो कुत्र्यासाठी घरातील एक शांत कोपरा राखून ठेवतो आणि तेथे कोणासही जाऊ देत नाही. तो समोरून न येता कडेने येतो, नजर रोखीत नाही, डोक्यावर वाकत नाही. खाऊ टाकून निघून जातो. पहिला स्पर्श कुत्र्याने करावा, आपण नव्हे. बाहेर नेताना तो दोन पट्टे बांधतो, एक गळ्यास व एक छातीपाठीस, आणि दाराला दुहेरी अडसर ठेवतो. घरात एखादे शांत, माणसाळलेले कुत्रे असेल तर फार उत्तम. भित्रे कुत्रे माणसापेक्षा त्याच्याकडूनच लवकर शिकते. दिवाळीच्या फटाक्यांची तरतूद तो महिनाभर आधी करतो आणि भय फारच असेल तर पशुवैद्याकडून औषध घेण्यास संकोच करीत नाही.

ताई, आपल्या घरी पाच वर्षांचे मूल आहे. त्याने एखादे दिवशी पलंगाखाली हात घातला, तर दोष त्याचा नव्हे आणि कुत्रीचाही नव्हे. पण जखम दोघांनाही होईल. (चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.) मग ती कुत्री परत पाठवावी लागेल, आणि एकदा परत आलेल्या कुत्र्याला दुसरे घर मिळणे फार कठीण. काही लोक तर लाजेपोटी जनावर रस्त्यावरच सोडून देतात. उपाशी-तहानलेले मरण्याच्या स्थितीत प्राण्याला असे विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे.

म्हणून आपली माया वाया जाते असे मात्र नव्हे. दर रविवारी मुलांची पुस्तके घेऊन त्या खोलीबाहेर बसा. तिच्याकडे न पाहता अर्धा तास हलक्या आवाजात मोठ्याने वाचा, थोडा खाऊ ठेवा आणि उठून या. मनुष्याचा आवाज निरुपद्रवी असतो, एवढे जरी ती शिकली तरी पुढे जो कोणी तिला नेईल त्याचे निम्मे काम आपण केलेले असेल. घरासाठी कुत्रे हवेच असेल तर त्याच आश्रयस्थानातील एखादे उमद्या स्वभावाचे, मुलांत रमणारे कुत्रे निवडा. तेही घराची वाट पाहत आहे.

आणि आता एक विनंती इतर वाचकांस. आपणांपैकी काहींनी आयुष्यभर कुत्री सांभाळली असतील. मुले मोठी होऊन दूर गेली असतील, घर शांत असेल, हाताशी वेळ असेल. आपल्या गावच्या आश्रयस्थानात जाऊन एवढेच विचारा, “येथे कोणी न्यावयास धजत नाही असा जीव कोणता?” ती पाटी आपल्यासाठी आहे.

पुढे दीड वर्षाने मी मामांकडे गेले होते. चिमणी दारातून मला पाहून आत पळाली. चहा संपेपर्यंत मी तिच्याकडे पाहिले नाही. निघताना वळले, तर ती उंबरठ्याशी येऊन बसली होती आणि तिची शेपटी मोकळी होती.