चार रात्रींची आगगाडी

रात्री गाडीत झोपलात, सकाळी उठलात, तरी गाडी आपली चालूच! कॅनडात टोरांटोहून व्हँकुव्हरला जाणारी 'द कॅनेडियन' अशी चार रात्री धावते. अंतर तब्बल ४,४६६ किलोमीटर!

काचेच्या घुमटाच्या डब्यात बसलं की आधी दिसतात जंगलं नि तळी, मग गव्हाची सपाट शेतं आणि मग रॉकी पर्वत. ३,९५४ मीटर उंचीचं माउंट रॉबसन ढगांतून डोकावलं, तर नशीबच! वाटेत घड्याळ तीनदा एकेक तास मागे करायचं. का बरं? भूगोलाचं पुस्तक उघडा पाहू!

पुढे फ्रेझर नदीची खोल दरी लागते. तिथला पहिला लोहमार्ग हजारो चिनी मजुरांनी कडे फोडून घातला. मजुरी गोऱ्यांपेक्षा कमी, काम मात्र सुरुंगाचं. कित्येकजण दगावले. १८८५ साली मार्ग पुरा झाला आणि त्याच वर्षी सरकारनं देशात येणाऱ्या चिनी मजुरांवर माणशी ५० डॉलर कर बसवला! त्याबद्दल माफी मागितली, ती थेट २००६ साली.

आता नकाशात ही वाट बोटानं काढा. आणि पुढच्या वेळी गाडीत बसाल ना, तेव्हा आई-बाबांना विचारा, "हे रूळ कुणी टाकले हो?"