डबा, तार आणि सवंगडी

मागच्या रविवारी आमच्या घरी एक छोटी सभा भरली होती. विषयपत्रिकेवर विषय एकच. नववीत गेलेल्या नातवाला टीव्हीला जोडून खेळायचा ‘प्लेस्टेशन’ नावाचा डबा घेऊन द्यायचा की नाही? मुलगा तटस्थ, सून विरोधात आणि सौभाग्यवती ‘पोराचे मन मोडू नका’ या पक्षाच्या. मी पस्तीस वर्षे बँकेत लोकांच्या अर्जांवर मंजूर-नामंजूर लिहिलेला माणूस. तेव्हा शेवटचा शेरा माझाच, हे सर्वांनी गृहीत धरलेले. मी चष्मा पुसून बोलायला सुरुवात करणार, तोच पुतण्या हसत म्हणाला, “काका, या विषयावर तुमचा निकाल लागून पंचवीस वर्षं झाली. हे आपल्याकडे चालणार नाही, असं तुम्ही लेखी दिलं होतं!”

सगळे हसले. मीही हसलो. कारण तो खरेच सांगत होता.

१९९९ सालच्या दिवाळीतली गोष्ट. हा पुतण्या तेव्हा इंजिनिअरिंगला होता. सुटीत वर्ध्याला येताना तो एक इंग्रजी मासिक घेऊन आला. त्यात जपानच्या ‘सेगा’ कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ या नव्या यंत्राची माहिती होती. जपानमध्ये ते १९९८च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेत १९९९च्या सप्टेंबरात विक्रीला आले होते. विशेष हे की त्यात टेलिफोनच्या तारेला जोडायचा मोडेम होता. “काका, पुढे पोरं घरी टीव्हीसमोर बसून परगावच्या पोरांशी खेळतील,” असे तो डोळे विस्फारून सांगत होता.

मी लग्नपत्रिकेचे एक रिकामे पाकीट घेतले आणि त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. यंत्राची किंमत, खेळाच्या प्रत्येक तबकडीची किंमत, टेलिफोनचे बिल, इंटरनेटच्या तासांचे पैसे. खेळ चालू असेल तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. ऐन रंगात वीज गेली तर सगळेच मुसळ केरात! आपल्याकडे विदेश संचार निगमने लोकांना इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि चार वर्षांनंतरही वर्ध्यात त्याचा नंबर लागणे हीच एक करमणूक होती. पाकिटाच्या तळाशी मी लिहिले, “चालणार नाही.” खाली सहीसुद्धा ठोकली. सवय!

आता पंचवीस वर्षांनी तो अर्ज पुन्हा टेबलावर आला आहे, आणि आपला जुना शेरा बरोबर होता की चूक, हे मला ठरवायचे आहे.

एका अर्थाने मी जिंकलो होतो. ड्रीमकास्टचे उत्पादन २००१ मध्येच थांबले. मग २००२च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू केले आणि पाश्चात्त्य देशांत घरच्या कन्सोलवर दूरच्या माणसाशी खेळणे रूढ झाले. आमच्याकडे मात्र तो डबा दारातच अडला. नव्वदीच्या दशकात वर्ध्या-हिंगणघाटच्या मुलांनी टीव्हीवरचे खेळ पाहिले ते नकली यंत्रांवर. ‘नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ’ असे छापलेली पिवळी कॅसेट, तिच्यात फुंकर मारायची, खटकन बसवायची, की मारिओ उड्या मारू लागे. नऊ हजारांतले खरे खेळ बोटांवर मोजण्याइतके, बाकी त्यांचीच पुनरावृत्ती. पण त्यामुळे गल्लीतली दहा पोरे एका टीव्हीसमोर जमत. पुढे अस्सल यंत्रे अधिकृतपणे आली. २००७ मध्ये प्लेस्टेशन-३ भारतात आले ते ३९,९९० रुपयांना. तेवढ्या पैशांत तेव्हा माझ्या शाखेत मोटारसायकलचे कर्ज मंजूर होत असे, आणि मोटारसायकल निदान बाजारात तरी नेता येई.

दुसऱ्या अर्थाने मी साफ हरलो. हिशेब मी डब्याचा केला, आणि खेळ आला खिशातून. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि दोन वर्षांत चौकातल्या पानठेल्यावर चार पोरे चार मोबाइलांत तोंड घालून ‘पब्जी’ खेळताना दिसू लागली. ज्या घरात कधी संगणक नव्हता, कन्सोल तर नव्हताच, त्या घरातला मुलगा देशोदेशींच्या मुलांबरोबर खेळू लागला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्या खेळावर बंदी घातली, आणि २०२१च्या जुलैत तो नाव बदलून परत आला.

माझे चुकले कुठे? मी यंत्राची किंमत मोजली, माणसाची ओढ मोजली नाही. खरे तर वर्ध्यात राहणाऱ्याने ही चूक करायला नको होती. सेवाग्रामच्या आश्रमात गेलात तर तिथे जुना टेलिफोन जपून ठेवलेला दिसतो. गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला होता. ज्या खेड्यात धड रस्ता नव्हता, तिथे दिल्लीहून तार आली. का? तर पलीकडे बोलण्याजोगा माणूस होता. तार कुठवर जाईल हे ठरवताना पलीकडे कोण आहे, हे आधी पाहावे लागते.

टाळेबंदीत ते पुन्हा कळले. २०२०च्या ऑगस्टमध्ये बुद्धिबळाचे ऑलिंपियाड घरोघरच्या संगणकांवर खेळले गेले. भारताच्या संघात आपल्या शेजारच्या नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख होती. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत तिचे आणि निहाल सरीनचे इंटरनेट तुटले आणि वेळ संपून दोघांचेही डाव गेले. भारताने दाद मागितली, आणि जागतिक संघटनेने दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. तीच दिव्या २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीत समोरासमोर बसून महिलांचा विश्वचषक जिंकली. तारेवर खेळणारी पिढी बिघडतेच, असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. आणि तारेवर सगळे काही होते असे मानणाऱ्यांनी तो तुटलेला डावही विसरू नये.

पण वाचकहो, मी सुनेच्या विरोधाला हसून उडवून लावणार नाही. त्याला कारण आहे.

निवृत्तीच्या वर्षभर आधीची, २०१९ मधली गोष्ट. आर्वीकडच्या एका शाखेत मी होतो. एक शेतकरी पासबुक घेऊन आला. “साहेब, खात्यातले पैसे काहून कमी दिसून राह्यले? मी तं काही काढले नाही जी.” मी पासबुक छापून त्याच्यासमोर ठेवले. एकोणपन्नास रुपये, नव्व्याण्णव रुपये, पाचशे, पुन्हा पाचशे, मग दोन हजार. दोन पाने भरून नोंदी, बहुतेक रात्री अकरानंतरच्या. पीककर्जाची रक्कम चिल्लरीत निघून गेली होती. फोन बापाचा, पिन पोराला ठाऊक, आणि पोराला मोबाइलवरच्या पैशाच्या पत्त्यांचा नाद. माणूस नोंदींवरून बोट फिरवत होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, पण आकडे येत होते. थोड्या वेळाने तो एवढेच म्हणाला, “पेरणी झाली असती यात.”

मला आजही टोचते ते निराळेच. त्याआधी दोन महिने तेच पासबुक माझ्या टेबलावरून गेले होते. बारीकसारीक नोंदी दिसल्या होत्या. रिचार्ज असेल म्हणून मी पान उलटले होते.

म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला तेव्हा मला बरे वाटले. त्याने पैसे लावून खेळायचे खेळ एका बाजूला काढले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरले नाही, आणि ई-स्पोर्ट्स व साधे करमणुकीचे खेळ वेगळे ठेवले. ही रेघ योग्य जागी ओढलेली आहे. मात्र आमचा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. बंदीचा कागद आणि बंदी यांत किती अंतर असते, हे आम्हा वर्धेकरांना कोणी शिकवायला नको. कायदा दुकानाचा दरवाजा बंद करतो, घराचा दरवाजा घरच्यांनाच सांभाळावा लागतो.

आता मूळ प्रश्न. घरच्या कन्सोलवर ऑनलाइन खेळणे आपल्याकडे रुजेल का?

घरोघर रुजेल, असे मला आजही वाटत नाही. प्लेस्टेशन-५ भारतात २०२१च्या फेब्रुवारीत आले ते ४९,९९० रुपयांना. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एक डबा झाला सहा क्विंटलांहून अधिक कापसाचा, आणि एकरभर कोरडवाहू शेतातून चांगल्या सालीही तेवढा निघेलच असे नाही. वर बहुतेक विकत घेतलेले खेळ ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी निराळी. समुद्रपूरच्या शेतकऱ्याच्या घरी हा डबा येणार नाही, त्याचा मुलगा मोबाइलवरच खेळेल. पण शिक्षक, डॉक्टर, नोकरदार यांच्या घरी, जिथे फायबरची तार आता आली आहे, तिथे तो येईल. एकेकाळी फ्रीज आला तसा, हळूहळू, आधी एका घरी आणि मग त्याच्याकडे पाहून दुसऱ्या घरी.

आणि तिथे तो आला तर मला फारसे वाईट वाटणार नाही. मोबाइल रात्री पांघरुणात जातो. कन्सोल बैठकीत टीव्हीपाशी बसतो. पोरगे काय खेळते, कोणाशी बोलते, किती वेळ बसते, हे येताजाताना आजीलाही दिसते. वेळेची आणि खर्चाची मर्यादा ठरवून तिला पिन लावण्याची सोयही त्यात असते. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आठवड्याला तीन तासांचा नियम केला. ते काम सरकारने करावे असे मला वाटत नाही, पण घराने जरूर करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत खेळाचे व्यसन २०२२ पासून आले आहे, तेव्हा ‘पोरखेळ आहे, चालू द्या’ असेही म्हणून भागणार नाही.

दारात एकदाच पैसे घेणारा आणि आत गेल्यावर पुन्हा पुन्हा खिसा चाचपणारा, यांत बँकवाल्याने फरक करायलाच हवा. कन्सोलचे खेळही आता दुसऱ्या जातीकडे झुकू लागले आहेत. खेळाच्या आत पोशाख विकायला असतात, आत काय निघेल हे न सांगता विकलेल्या बंद पेट्या असतात. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवले. म्हणून माझी पहिली अट ती, की कोणाचेही बँक खाते त्या डब्याला जोडायचे नाही.

नातवाला मी सभेत विचारले, “तुला हा डबा कशाला हवा? मोबाइलवर खेळतोसच की.” मला वाटले, चित्रे चांगली दिसतात असे काही सांगेल. तो जरा थांबून म्हणाला, “आजोबा, पुण्याचा दादा त्याच्यावर खेळतो. फोन केला तर तो ‘काय चाललंय’ म्हणतो, मी ‘काही नाही’ म्हणतो, आणि संपतं. खेळताना आम्ही बोलू तरी.”

माझ्या मुलीचा तो मुलगा पूर्वी दर मे महिन्यात वर्ध्याला यायचा. बाहेर सेहेचाळीस अंश, आत कूलरची घरघर, आणि ही दोघे भर दुपारी कॅरमवर भांडत. मग तिकडे शिबिरे आली, शिकवण्या आल्या. चार वर्षे झाली, तो उन्हाळ्यात आलेला नाही. एकाच आजोबांची दोन नातवंडे एकमेकांना हळूहळू अनोळखी होत होती, आणि मी पाकिटाच्या पाठीवर वर्गणीचा हिशेब करत होतो.

अर्ज मंजूर केला आहे. अटी चार. डबा बैठकीत राहील. रात्री नऊनंतर बंद. बँक खाते जोडायचे नाही. अनोळखी माणसाशी बोलणे होईल तेव्हा घरातले कोणी जवळ असेल. निम्मे पैसे माझ्या मुदत ठेवीच्या व्याजातून, उरलेले नातवाच्या खाऊच्या पैशांतून आणि त्याच्या बापाकडून. सून अजून नाराज आहे, पण चार अटींतल्या दोन तिच्याच आहेत.

पुण्यालाही फोन केला. मोठ्या नातवाला म्हटले, “वर्षभर तारेवर खेळा. मे महिन्यात मात्र तू इकडे यायचंस. डब्याला खेळायच्या दोन दांड्या लागतात म्हणे, आमच्याकडे एकच येणार आहे.”

“आणतो आजोबा,” तो म्हणाला. “माझी घेऊनच येतो.”