रसायनशास्त्र विहिरीपर्यंत पोहोचावे

मुदखेड हे तालुक्याचे लहानसे गाव. परंतु रेल्वेच्या नकाशावर त्याला जंक्शनचा मान आहे. येथून एक मार्ग नांदेडकडे जातो. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच शहरात आहे. दुसरा फाटा भोकर, हिमायतनगर, किनवट असा आदिलाबादकडे जातो. विज्ञानाचे शिक्षण पहिल्या मार्गावर आहे. त्या शिक्षणाची कसोटी पाहणारा एक प्रश्न दुसऱ्या मार्गावर आहे. किनवट परिसरातील अनेक ठिकाणच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण घातक असल्याचे आढळले आहे.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यापलीकडे मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षे फार जास्त फ्लोराइड पोटात गेल्यास हाडे व सांधे आखडतात.

हे मोजण्याचे साधन पदवीच्या पाठ्यपुस्तकातच आहे. १९६६ साली फ्रँट व रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड जगापुढे मांडला. फ्लोराइड दहापट वाढले की त्याचे विभव २५ अंश सेल्सियसला सुमारे ५९ मिलिव्होल्टने उतरते. परीक्षेसाठी घोकले जाणारे नर्न्स्टचे समीकरण ते हेच! असेंद्रिय रसायनशास्त्राचेही तसेच आहे. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइड अधिक का विरघळते, याचे उत्तर विद्राव्यता गुणाकारात आहे. ॲल्युमिनियम फ्लोराइडला जटिल संयुगात बांधून ठेवते आणि इलेक्ट्रोडला ते दिसत नाही; म्हणून योग्य द्रावण मिसळून ते आधी मोकळे करावे लागते. लँथॅनाइड मूलद्रव्ये आणि जटिल संयुगे ही प्रकरणे रुक्ष वाटतात, ती विहिरीपासून तोडून शिकविली जातात म्हणून.

उपकरणे महाग आहेत आणि अभ्यासक्रम वेळेत संपवावा लागतो, ही प्राध्यापकांची अडचण खोटी नाही. तथापि एक मीटर व एक इलेक्ट्रोड अनेक महाविद्यालयांना आळीपाळीने वापरता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या विंधन विहिरीचे बाटलीभर पाणी आणावे, प्रमाणित द्रावणांशी ताडून पाहावे, आणि शंकास्पद नमुना शासकीय प्रयोगशाळेकडे फेरतपासणीस पाठवावा. शासनाचे काम विद्यार्थ्यांवर ढकलावे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्या पदवीधराला स्वतःच्या गावचे पाणी तपासता येत नाही, त्याच्या गुणपत्रिकेतील रसायनशास्त्राच्या गुणांना अर्थ काय? विद्यापीठाने हा प्रयोग ऐच्छिक न ठेवता सक्तीचा करावा.