‘संकलित’ या शब्दाआड

एखाद्या धर्मग्रामाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका उघडावी, तर तीत दोन शब्द हमखास भेटतात: ‘साभार’ आणि ‘संकलित’. पहिल्या शब्दाने लेखकाला न विचारताच त्याचे आभार मानलेले असतात; दुसऱ्याने लेखकच नाहीसा केलेला असतो. भक्तिगीतांच्या पुस्तिकांतही कवीचे नाव सर्रास गाळले जाते. ही सवय आपण निरुपद्रवी मानतो. ती तशी नाही, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत स्पष्ट दिसते.

एटापल्ली, भामरागड, धानोरा या तालुक्यांत रेला गीते पिढ्यान् पिढ्या गायिली जात आहेत. बाहेरचा अभ्यासक येतो, गीते टिपून नेतो, पुस्तक काढतो. गीताचा कर्ता अज्ञात, म्हणून त्यावर कोणाचाच हक्क नाही, असे मानले जाते. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संकलन ही साहित्यकृती ठरते. वास्तविक संकलकाचा हक्क निवडीपुरता आणि मांडणीपुरता असतो, मूळ गीतावर नसतो. पण ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापताना हा भेद कोण सांगतो? आणि जिने ओसरीवर बसून रात्रभर गीते सांगितली, ती आजी ऋणनिर्देशातही सापडत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की लोकगीत सर्वांचे, मग परवानगी कोणाची मागायची? ‘सर्वांचे’ म्हणजे ‘कोणाचेच नाही’ असा अर्थ या लोकांनी कोठून काढला? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. तेथील जंगल साऱ्या गावाचे आहे, आणि नेमके म्हणूनच बांबू तोडण्याआधी गावाला विचारावे लागते. बांबूला जो न्याय, तो गीताला का नसावा?

कायदा याबाबतीत अगदीच मुका आहे असेही नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतालाही हक्क दिला. त्याच्या व्याख्येत गायक आणि नर्तक तर आहेतच, गारुडीसुद्धा आहे! खासगी वापर आणि प्रामाणिक अध्यापन-संशोधन यांना सवलत आहे. परंतु गाणारीच्या संमतीवाचून ध्वनिमुद्रण करून ते बाजारात आणणे हा तिच्या हक्काचा भंग होय. २०१२ पासून तिला स्वतःच्या नावाचाही हक्क आहे. किती संग्राहकांनी तिला हे सांगितले असेल?

याचा अर्थ अवतरण देण्यास भ्यावे असा नव्हे. टीका, परीक्षण, स्वतःचा अभ्यास यांसाठी दुसऱ्याच्या लेखनाचा रास्त वापर करण्याची मुभा कलम ५२ देते. ‘अमुक इतक्या ओळी चालतात’ ही समजूत मात्र निराधार आहे. अशी सरसकट शब्दसंख्या त्या कलमात नाही. हेतू कोणता आणि मूळ लेखनाचा किती भाग घेतला, हे पाहिले जाते. धार्मिक विधीत गीत गाण्यासही याच कलमात सूट आहे. पण मिस्सात गाण्याची मुभा ही पुस्तिकेत छापण्याची मुभा नव्हे, आणि येथेच आपले अनेक गायनवृंद घसरतात. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले; त्यांची गीते केव्हाच मुक्त झाली आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे निधन २०२४ मधील. त्यांच्या लेखनावरील हक्क २०८४ अखेर टिकेल. टिळकांचे गीत छापताना परवानगी नको, नाव मात्र हवेच.

तेव्हा संपादकांनी ‘संकलित’ हा शब्द छापखान्यातून परत बोलवावा. त्या जागी गाणारीचे नाव, तिचे गाव आणि तिची भाषा छापावी; तिला नाव नको असेल तर तेही तिलाच विचारून ठरवावे. छापलेल्या अंकाच्या दोन प्रती तिच्या गावी धाडाव्यात, एक तिच्या घरी आणि एक ग्रामसभेला. टपालखर्च परवडत नसेल तर मुखपृष्ठावरचा एक रंग कमी करावा.