खसखशीची भानगड

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या वहिनी अनारसे थापत होत्या. ताटात खसखस पसरलेली, तिच्यावर पिठाचा गोळा बोटांनी फिरवत फिरवत मोठा करायचा. तेवढ्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, मला नकोत हं. सोमवारी मेडिकल आहे."

पोरगा विमानांच्या देखभालीचं शिकलेला. विमान कंपनीचं बोलावणं आलेलं. वहिनींनी माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊजी, आता खसखशीनंही नोकरी जाते का हो?"

हसू आलं, पण पोरगा चुकत नव्हता. खसखस अफूच्याच बोंडातली. तिला मॉर्फिनचा अंश चिकटलेला असतो आणि भरपूर खाल्ली तर तो लघवीत उतरतो. अमेरिकेत यावरून इतका घोळ झाला, की सरकारी चाचण्यांतली मर्यादा 1998 मध्ये मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅमवरून थेट 2000 वर न्यावी लागली. आपल्याकडे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएचा नियम 31 जानेवारी 2022 पासून लागू आहे: वैमानिक, केबिन क्रू, विमानांचे इंजिनिअर यांची नोकरीत घेण्याआधीच चाचणी. गांजा, अफू, कोकेनपासून झोपेच्या काही गोळ्यांपर्यंत सगळं तपासतात. पहिल्या चाचणीत काही निघालं तर पक्की चाचणी वेगळी होते, हे बरं. मी त्याला म्हटलं, सोमवारपर्यंत अनारशाचा डबा बंद ठेव, आणि खोकल्याचं औषध घेत असशील तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ने. कोडीनचं औषधही अफूच्याच घरातलं.

चाचणीचं मला वावडं नाही. कल्याण स्टेशनच्या लॉबीत ड्युटीवर चढणारा मोटरमन दारू तपासायच्या यंत्रात फुंकतो, म्हणून तर आपण लोकलमध्ये निवांत डुलक्या काढतो. पण ती फुंकर आत्ताचं सांगते. लघवी मागचं सांगते, तेही पक्षपातानं. नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याची खूण कित्येक आठवडे टिकते. रात्रीची क्वार्टर दुसऱ्या दिवशी दुपारी रक्तात उरतही नाही. म्हणजे महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत भांग घेतलेला चार दिवसांनीही अडकू शकतो, आणि रोज पिणारा एक रात्र कळ काढून कोरा सुटायचा!

आणि आमच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यांत चाचणी कशी? काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीच्या वेळी उभा होतो. ठेकेदाराचा माणूस नव्या हेल्परला म्हणाला, "तोंड उघड." नाक पुढे केलं. हेल्परच्या तोंडात लवंग होती, ती मलाही चार हातांवरून कळली. मुकादमानं रजिस्टर पाहिलं, दोन माणसं कमी होती. "चल आत." झाली चाचणी. आत रसायनांच्या टाक्या, आणि हेल्परच्या पायांत स्लिपर.

सोमवारी पोरगा पहाटेच्या लोकलनं गेला. वहिनींनी डब्यात खसखस न लावलेले चार अनारसे दिले होते. तळताना ते तळाला चिकटले, आणि "हे कसले अनारसे, ह्या तर गुळाच्या पुऱ्या" म्हणून त्या अजून कुरकुरतायत.