मिठागरांचे मोजमाप कोणाच्या हाती?

सत्तेला एखादी जमीन हवी असली की ती प्रथम त्या जमिनीचे नाव बदलते. गायरान 'पडीक' होते, वस्ती 'अतिक्रमण' होते आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील मिठागर 'मोकळी जागा' होते. नाव बदलले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे सह्याशिक्क्यांनी होते. कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. त्या जमिनीवर वर्षभरात काय घडते, तिच्यातील पाण्याचे काय होते, याचा सलग हिशेब जनतेपुढे ठेवण्याची गरज ना केंद्राला वाटली, ना राज्याला. मोजमाप न करता केलेला व्यवहार बाजारात कोणी मान्य करीत नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या बाबतीत मात्र तोच राज्यकारभाराचा रिवाज ठरला आहे.

कायद्याची हातचलाखी तर पाहण्यासारखी आहे. १९७१ च्या रामसर करारात पाणथळ जागेची व्याख्या करताना ती नैसर्गिक असो वा कृत्रिम, गोड्या पाण्याची असो वा खाऱ्या, असा भेद केलेला नाही. मिठागरे त्या करारातील मानवनिर्मित पाणथळींच्या वर्गात स्पष्टपणे मोडतात. भारत १९८२ पासून या करारात सहभागी आहे. परंतु केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतूनच वगळल्या. ज्या ठाणे खाडीचे पाणी या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, तिला २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला. आणि बांधाच्या अलीकडचे पाणी मात्र कायद्याच्या लेखी पाणीच नाही! संरक्षण मागावे, तर सांगितले जाते की हे 'मिठागर' आहे, पाणथळ नव्हे. बांधकामासाठी जमीन मागितली जाते, तेव्हा सांगितले जाते की येथे मीठ पिकत नाही, म्हणून हे मिठागरही नव्हे. एकाच जमिनीला दोन दारांवर दोन उत्तरे देणारी ही नोकरशाही कोणाची चाकरी करते, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

मिठागर म्हणजे काय, हे आगरी श्रमिकाला ठाऊक आहे; मंत्रालयाला ते ठाऊक करून घ्यायचे नाही. भरतीचे पाणी उघाडीतून आत घेतले जाते, तेव्हा त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हावाऱ्याने ते आटत एका वाफ्यातून दुसऱ्यात जाते. प्रथम चुन्याचे क्षार खाली बसतात, मग जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे एक दशांशावर आले की मिठाचे स्फटिक धरू लागतात. उरते ते मॅग्नेशियमचे कडवट पाणी. या प्रत्येक टप्प्यावर जीवसृष्टी निराळी असते. कमी खाऱ्या पाण्यात मासे, कोळंबी आणि खेकडे. त्याहून खाऱ्या पाण्यात वाफ्याचा तळ धरून ठेवणारे शेवाळाचे थर. अतिखाऱ्या पाण्यात केवळ आर्टेमियासारखे इवले जीव, सूक्ष्म शैवाले आणि पाण्याला तांबूस छटा देणारे जीवाणू. जूनमध्ये पाऊस कोसळला की हा सारा क्रम उलटतो. वाफे पावसाच्या पाण्याने भरतात, खारेपणा उतरतो, आणि तीच जमीन चार महिने वेगळ्याच जीवांचे घर होते. एका वर्षात इतकी रूपे घेणाऱ्या जागेची पाहणी एका दुपारी उरकणाऱ्या तज्ज्ञाने जे लिहून दिले असेल, त्याला अहवाल म्हणणे हा भाषेचा अपमान आहे.

परंतु व्यवस्थेने नेमके तेच शास्त्रशुद्ध ठरविले आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाच्या प्रचलित पद्धतीत पावसाळा वगळून एका ऋतूची आकडेवारी पुरेशी मानली जाते. ज्या चार महिन्यांत मिठागर मुंबईसाठी सर्वांत मोठे काम करते, तेच चार महिने हिशेबातून वजा! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सखल भागाला मोकळ्या उतरत्या जमिनीचे मोल शिकवायला कोणा सल्लागाराची गरज उरली नव्हती. साधे अंकगणित करावे. २५५.९ एकरांवर केवळ एक फूट पाणी थांबले, तरी ते सुमारे ३१ कोटी लिटर होते. या जमिनीवर भराव पडला तर हे पाणी नाहीसे होणार नाही. ते कांजूर-भांडुपच्या चाळींत आणि झोपड्यांत शिरेल, आणि त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांची घरे उंचावर असतील.

येथे एक सोयीचा युक्तिवाद पुढे केला जातो, आणि दुर्दैवाने परिवर्तनवादी वर्तुळांतही तो फिरतो. गरिबांना घरे हवीत की श्रीमंतांना पाहण्यासाठी रोहित पक्षी? हा प्रश्नच खोटा आहे. मिठागरांवर आणले जाणार आहेत ते धारावीत 'अपात्र' ठरविले गेलेले लोक. पुनर्विकास करणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा ८० टक्के आहे, राज्य सरकारचा २० टक्के. शहराच्या मध्यावरील मौल्यवान जमीन भांडवलाला आणि तेथे घाम गाळणाऱ्याला खाडीकाठची भरावाची जमीन, असा हा सौदा आहे. कारागिराला त्याच्या धंद्यापासून तोडायचे, पुराच्या वाटेवर बसवायचे, आणि वर पक्ष्यांविरुद्ध त्याचे नाव वापरायचे! गरिबाचे घर गरिबाच्या रोजगारापाशी व्हावे, ही समाजवादी मागणी आहे. ती रोहित पक्ष्यांच्या विरोधात कधीच नव्हती.

मात्र निसर्गप्रेमी मध्यमवर्गालाही दोन शब्द सुनावणे आवश्यक आहे. खाडीत रोहितांचे थवे दिसले की पर्यावरण सुरक्षित असल्याची समजूत पसरते. लहान रोहित प्रामुख्याने सूक्ष्म शैवालांवर जगतो, आणि ती शैवाले सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर माजू शकतात. ज्या पाण्यावर थवे पोसतात, त्याच पाण्यात पहाटेच्या वेळी विरघळलेला प्राणवायू माशांना जगण्यापुरताही नसणे शक्य आहे. गुलाबी छायाचित्रे हे काही पाण्याच्या आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. संरक्षणाच्या नावाखाली आगरी आणि कोळ्यांना खाडीबाहेर काढून कुंपण घालण्याची कल्पनाही तितकीच लोकविरोधी आहे. मिठागर ही माणसाच्या श्रमाने घडलेली परिसंस्था आहे. बांध खचले, उघाडी मोडली, की पाण्याचा क्रम मोडतो आणि त्यावर जगणाऱ्या जीवांचाही.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. या मिठागरांची किमान दोन पूर्ण वर्षे, पावसाळ्यासह, सार्वजनिक मोजणी झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत भरावाची एक पाटीही पडता कामा नये. दर पंधरवड्याला, उधाणाला आणि भांगाला, खारेपणा, तापमान, सामू, प्राणवायू, नायट्रेट आणि फॉस्फेट यांची नोंद व्हावी. प्राणवायू पहाटे आणि दुपारी असा दोनदा मोजावा, कारण केवळ दुपारचा आकडा शैवाल माजलेल्या पाण्याची खरी अवस्था लपवितो. पावसात पाण्याची पातळी किती चढली व किती तासांत उतरली, हे लिहिले जावे. पक्षी मोजावेत, तसेच मासे, कोळंबी आणि आर्टेमियाही. यातील बरीचशी उपकरणे साध्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतात. पाण्याचा घट्टपणा मापकाने पाहणे तर मीठ पिकविणाऱ्याला परदेशी सल्लागाराने शिकवावे लागत नाही.

मोजणार कोण, हा यातील राजकीय प्रश्न आहे. बांधकामाचा प्रस्ताव मांडणारा जेव्हा सल्लागाराचे बिल चुकवितो, तेव्हा त्या अहवालातील पाणी कोणत्या रंगाचे असेल हे आधीच ठरलेले असते. मोजणी मिठागरांतील श्रमिकांनी, खाडीतील मच्छिमारांनी आणि विद्यार्थ्यांनी, विद्यापीठांच्या शास्त्रीय देखरेखीखाली करावी. तीही फुकटची समाजसेवा म्हणून नको. सार्वजनिक तिजोरीतून रास्त मजुरी देऊन करावी. ज्यांच्या रोजीचा प्रश्न आहे त्यांच्याकडून विनामूल्य राबवून घेणे ही शोषणाचीच सभ्य आवृत्ती होय. आणि नोंदी मराठीत, विभाग कार्यालयाच्या फलकावर, दर महिन्याला लागल्या पाहिजेत. जो आकडा जनतेला वाचता येत नाही, तो जनतेविरुद्ध वापरला जातो.

मोजणीने चळवळ थंडावेल, तज्ज्ञांच्या समित्यांत लढा गुरफटेल, ही शंका काही कार्यकर्त्यांच्या मनात असेल. ती अगदीच निराधार नाही. आकडे मोर्चाची जागा घेऊ शकत नाहीत. परंतु मोर्चाच्या हाती आकडे नसले, तर शासन पुढच्याच आठवड्यात स्वतःचे आकडे घेऊन उभे राहते, आणि मग न्यायालयापासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र तेच बोलू लागतात.

१९३० साली वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले, ते मूठभर मिठासाठी नव्हे. समुद्र, ऊन आणि माणसाचे श्रम यांतून जे निर्माण होते त्यावर कोणाचा अधिकार, हा त्यांचा प्रश्न होता. मिठावरील कर १९४७ साली गेला. मिठागरांच्या जमिनीवरील सरकारी मक्तेदारी तशीच राहिली, आणि आता ती खाजगी भांडवलाच्या सेवेस रुजू झाली आहे. पूर्व उपनगरांतील शाखांनी येत्या उधाणापासूनच बांधांवर जाऊन नोंदवह्या उघडाव्यात. शासनाने मोजले नाही, तरी पाणी लोकांनी मोजले होते, एवढे तरी कागदावर राहिलेच पाहिजे.