शाळेच्या फळ्यावर आपला कापूस का नाही?



आपली पोरे सातवीपर्यंत बरी शिकतात आणि हायस्कुलात गेली की मागच्या बाकावर मुकी होऊन बसतात. मास्तर म्हणतात, पोरांचे लक्ष नाही. आम्ही विचारतो, लक्ष लागावे असे ओळखीचे त्या तासात असते काय?

चक्रवाढ व्याज शिकवायचे ते बँकेतल्या ठेवीचे. आमच्या घरात ठेव कुठली? व्याज आहे ते कर्जाचे. शेकडेवारी शिकवायची तर कापूस आहे की! क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयच्या खरेदीत भाव कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. व्यापाऱ्याने क्विंटलमागे किलोभर कट्टी धरली, तर 7,000 च्या भावाने 12 क्विंटलवर किती रुपये गेले? 840. हे गणित नववीच्या फळ्यावर घाला, मागचा बाक आधी बोलेल.

विज्ञानाचे तेच. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे पोखरली. अंडी, अळी, कोष, पतंग हे सारे शाळेच्या कुंपणापलीकडे होते आणि पोरे पुस्तकातले चित्र उतरवून घेत होती.

आणि भाषा. पोरगी कपाशीला 'पऱ्हाटी' म्हणाली की वर्ग हसतो, कधी कधी मास्तरही हसतात. मग ती वर्षभर तोंड उघडत नाही. प्रमाण शब्द जरूर शिकवा, पण तिचा शब्द खोडून नव्हे.

मागणी नवी नाही. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला निवेदन दिले. खेड्यातल्या शाळेत वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या, आणि मास्तर शेतकरी वर्गातले घ्या, वेळ पडल्यास नांगराची मूठ धरणारे, असे त्यात होते.

काही बाप चिडून म्हणतील, शेतीच शिकायची तर शाळेत कशाला धाडू? रास्त आहे. पोराला पुन्हा डवऱ्यामागे उभे करणारी शाळा आम्हालाही नको. बीजगणित हवे, इंग्रजी हवे, दहावीचा पेपरही तोच हवा. फक्त सुरुवात त्याला ठाऊक असलेल्यापासून करा.

येत्या पालक-शिक्षक सभेला बाया-माणसांनी मिळून जावे. वेचणीच्या हंगामात नववी-दहावीचा एक दिवस जिनिंगवर आणि एक शेतात न्यावा, त्यावरचे गणित दुसऱ्या दिवशी वर्गात घ्यावे, एवढे मागावे. बैलगाडी, काटा आणि दुपारची भाकर गावाकडून.